कागदाचं वय

तुकोबांच्या पालखीच्या वाटेने बारामतीहून निघालं की काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावं लागत जातात आणि निमगाव केतकी ओलांडून रस्ता इंदापुरात पोचतो. नीरा नदीच्या अंगाला उसाचा पट्टा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याने तो घडवला. वरच्या अंगाला काझड, बोरी, लाकडी, निंबोडी, कळस या गावांकडे वळलं की जमीन बदलते. माळ, मुरूम, बाभळी आणि त्यांच्या मधोमध डाळिंबाच्या नि द्राक्षाच्या बागा. बागेच्या चढाच्या कोपऱ्यावर चारी बाजूंनी मातीचे उंच बांध दिसतात. बांधाच्या माथ्यावरून काळ्या प्लास्टिकची कड बाहेर आलेली असते. ते शेततळं. आत उतरलेल्या त्या काळ्या अस्तराला इकडे सगळे कागद म्हणतात.

बागायतदार एकमेकांना भेटले की बोलणं डाळिंबाच्या तेल्या रोगावर, भावावर, कालव्याच्या आवर्तनावर येतं आणि कधीतरी कागदावर येतं. ‘तुमचा कागद किती वर्षं झाली?’ हा प्रश्न घरातल्या जाणत्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तसा विचारला जातो. उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा कागद दहा वर्षं झाली तरी पाणी धरून आहे. त्याच्याच बांधाला बांध असलेल्या दुसऱ्याचा चौथ्या उन्हाळ्यात चिरफाळला. दोघांच्या बिलावर आकडा एकच असतो : ५०० मायक्रॉन. हा फरक येतो कुठून? तो विकत घेतानाच ओळखता येतो का? या लेखाचा विषय एवढाच आहे, पण त्यावर या दोन तालुक्यांतल्या हजारो झाडांचा उन्हाळा अवलंबून आहे.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बराचसा परतीचा. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा प्रचंड जलाशय पसरलेला आहे. पण धरण उशाला असलं म्हणून माळावरच्या बागेला पाणी मिळतंच असं नाही. कालव्याच्या टेलला आवर्तन पोचतं तेव्हा उशीर झालेला असतो. डाळिंबाचा आंबे बहार धरला की जानेवारीपासून फळ उतरेपर्यंत पाण्याला खंड चालत नाही. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये येते आणि पुढच्या हंगामाची काडी भर उन्हाळ्यात तयार होते. म्हणजे झाडाला पाण्याची सर्वांत जास्त निकड असते तेव्हाच विहिरीने तळ गाठलेला असतो. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून बागा जगवलेल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून शेततळं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असं तळं घेतलं तर त्यात २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. मुरमात खोदलेलं तळं कागदाविना हे पाणी धरत नाही. दिवाळीला काठोकाठ दिसलेलं तळं संक्रांतीच्या सुमारास ओल्या चिखलावर आलेलं असतं. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. तिच्यात खोदाईला जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळत होते, पण कागद ज्याचा त्याने घालायचा होता. फलोत्पादन अभियानातल्या सामूहिक शेततळ्यांना आणि नंतरच्या अस्तरीकरणाच्या योजनांना ५०० मायक्रॉनची अट आली. तेव्हापासून हा आकडा गावागावांत पोचला आणि त्याच्यापलीकडे काही विचारायचं असतं ही गोष्ट मागे पडली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. बाजारात दुसरं मापही चालतं, गेज. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. त्यामुळे ‘५००चा कागद’ असं तोंडी सांगून ५०० गेजचा माल कुणी गळ्यात मारला तर तो प्रत्यक्षात १२५ मायक्रॉनचा निघतो, हव्या त्या जाडीच्या चौथाई. ही फसवणूक पकडायला यंत्र लागत नाही. कागदाच्या तुकड्याचे दहा सारखे चौकोन कापून एकावर एक ठेवायचे, दाबून धरायचे आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावायची. चळत ५ मिलिमीटर भरली पाहिजे. विणलेल्या पट्ट्यांच्या कागदात थोडी हवा राहते, तेवढी सूट धरायची. साधा, विणीविना कागद असेल तर वजनही बोलतं. एक मीटर चौरस तुकडा ४७५ ग्रॅमच्या जवळपास, एक फूट चौरस तुकडा ४४ ग्रॅमच्या. सोनाराच्या काट्यावर हे दोन मिनिटांत कळतं.

तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडते, कारण तिला काटाही लागत नाही. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं असतं. चांगल्या कागदाची चिंधी बादलीत बुडवली, बोटांनी चोळून तिला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढले आणि सोडून दिली तर ती वर येते. स्वस्तात जाडी आणि वजन भरून काढायला प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळतात. ती पॉलिथिलीनच्या जवळपास तिप्पट जड असते. भुकटीचा मारा जास्त असेल तर चिंधी तळाला बसते. असा कागद काट्यावर उत्तम उतरतो आणि बांधावर लवकर मोडतो.

इथवरची लबाडी शेतकऱ्याला घरी पकडता येते. पुढची येत नाही, आणि कागदाचं वय तिथेच ठरतं.

पॉलिथिलीनचा जन्म २७ मार्च १९३३चा. इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ भलताच प्रयोग करत होते आणि भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ सापडला. कमी दाबाखाली बनणारं, जास्त घट्ट, जास्त टणक पॉलिथिलीन १९५३मध्ये जर्मनीत कार्ल झिगलरने केलं. ते आजचं एचडीपीई. पाणी त्यातून झिरपत नाही, आम्ल-अल्कलीला ते दाद देत नाही, कुजत नाही. त्याला दोन वैरी, ऊन आणि उष्णता. सूर्याचे अतिनील किरण या पदार्थाच्या लांबलचक साखळ्या तोडतात. तुटल्या जागी हवेतला प्राणवायू चिकटतो आणि तोड पुढे सरकत राहते. लवचीक कागद आधी ताठर होतो, मग ठिसूळ, मग टिचकी मारली तरी तडकतो.

यावर दोन उपाय कारखान्यात करतात. पहिला म्हणजे काजळी. कार्बन ब्लॅक या नावाची अतिशय बारीक काजळी वजनाच्या दोन ते तीन टक्के मिसळली आणि ती सर्वत्र सारखी पसरली तर अतिनील किरण पृष्ठभागावरच शोषले जातात. शेततळ्याचा कागद काळा असतो तो यासाठी. पण कागद काळाकुट्ट दिसायला अर्धा टक्का काजळीही पुरते. दोन टक्केवाला आणि अर्धा टक्केवाला तुकडा शेजारीशेजारी धरला तर डोळ्यांना फरक कळत नाही. उन्हाला कळतो.

दुसरा उपाय म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं. ती प्लास्टिकमध्ये अगदी थोड्या प्रमाणात असतात आणि साखळी तुटू लागली की स्वतः खर्ची पडून ती तोड थांबवतात. मुदत ठेवीतून दर महिन्याला थोडी रक्कम काढावी तशी ती संपत जातात. ठेव आहे तोवर कागद नवाकोरा वाटतो, ताणला तरी ताणला जातो, आणि मालक निर्धास्त असतो. ठेव संपली की बाहेरून काहीच न बदलता घसरण सुरू होते. ‘अगदी कालपर्यंत चांगला होता हो’ असं लोक म्हणतात, आणि ते खरंच असतं.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटने दीड मिलिमीटर जाडीच्या, मातीखाली गाडलेल्या एचडीपीई अस्तराचं आयुष्य प्रयोगांवरून अंदाजलं होतं. २० अंश सेल्सिअसला ते साडेचारशे वर्षांच्या घरात आलं. ४० अंशांना सत्तर वर्षांच्या आत. म्हणजे दर दहा अंशांमागे आयुष्य निम्म्याहून कमी. आता आपला कागद त्या अस्तराच्या एक तृतीयांश जाडीचा आणि उघड्यावरचा. एप्रिलच्या दुपारी बांधाजवळ जाऊन कोरड्या उतारावर हात टेकवून पाहावा. टेकवत नाही, पोळतो. हवा चाळीस-बेचाळीस अंशांवर असते तेव्हा काळं प्लास्टिक साठच्या पुढे सहज जातं. त्याच कागदाचा पाण्याखालचा भाग त्या वेळी गारच असतो.

त्यामुळे एकाच तळ्यातल्या एकाच कागदाची वयं वेगवेगळी होतात. तळाचा कागद तरुण राहतो. त्यावर पाणी असतं, गाळ असतो, ऊन पोचत नाही. मधला पट्टा हिवाळाभर पाण्यात आणि उन्हाळ्यात उघड्यावर, तो मध्यमवयीन. पाण्याच्या रेषेच्या वरचा दोन-तीन फुटांचा पट्टा बारा महिने उन्हात, तो आधी म्हातारा होतो. त्यातही दिशा पाहावी. बारामती साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास. उत्तरेकडच्या बांधाचा आतला उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो. एकास एक उतारावर हे ऊन जवळजवळ काटकोनात पडतं. समोरच्या, दक्षिणेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर त्याच वेळी ते नुसतं घासून जातं. कागद पाहायचा तर उत्तरेच्या बांधाच्या वरच्या कडेपासून पाहायला सुरुवात करावी. तिथे जे यंदा दिसेल ते बाकीच्या तीन बाजूंना पुढे दिसणार असतं.

काय दिसतं ते कागदाच्या जातीवर आहे. साधा एकसंध कागद आधी चमक गमावतो, मग घडीच्या जागी बारीक रेघ उमटते आणि ती रेघ पुढे चीर होते. विणीचा कागद वेगळ्या रीतीने मरतो. त्यात मधे एचडीपीईच्या पट्ट्यांची वीण असते आणि दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेला असतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५३५१ हे मानक याच जातीचं, आणि सरकारी योजनांत तेच मागितलं जातं. वीण असल्यामुळे तो ओढाताण चांगली सोसतो. त्यातलं दुबळं अंग म्हणजे वरचा थर. नखाने खरवडलं आणि कांद्याच्या पातीसारखा पातळ पापुद्रा सुटून आला तर समजायचं, आता उघडी पडलेली वीण काही फार दिवसांची सोबती नाही. पापुद्र्याखालच्या पट्ट्या नंतर भुरभुरायला लागतात. बोटाला काळी पूड लागते. गळती मात्र त्याच्याही आधी सुरू झालेली असते, कारण वीण पाणी अडवत नाही. पाणी अडवणारा तो थरच होता.

नुसत्या जाडीवर भरवसा ठेवून पस्तावण्याची गोष्ट शेतापुरती नाही. तारकर्लीला समुद्रात डुबकी मारायला जाणाऱ्या पर्यटकांना जो काळा रबरी अंगरखा चढवतात, तो निओप्रीनच्या फेसाचा असतो. निओप्रीन हे १९३०मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत सापडलेलं कृत्रिम रबर, म्हणजे पॉलिथिलीनचं थोरलं भावंड. त्यात वायूचे लाखो बंद बुडबुडे असतात आणि अंगाची ऊब तेच धरून ठेवतात. तो पोशाखही मिलिमीटरवर विकला जातो : तीनचा, पाचचा. पण खोल पाण्याच्या दाबाखाली पुन्हा पुन्हा चेपून बुडबुडे हळूहळू बसतात, उन्हात वाळवून रबर ताठतं, घडी घालून ठेवलं की घडीवर भेग पडते. पाचच्या पोशाखाला काही वर्षांनी पाचची ऊब राहत नाही. जाणकार पाणबुडे त्याला गोड्या पाण्यात खळखळून सावलीत वाळवतात, रुंद हँगरला टांगतात आणि विकत घेताना फेस कोणत्या प्रतीचा हे आधी विचारतात. इंदापूरच्या माळावर तोच प्रश्न विचारायला आपण अजून शिकायचे आहोत.

कागदाचं आयुष्य खाणारी आणखी एक गोष्ट बागेतूनच येते. भुरी रोगासाठी द्राक्षावर आणि इतर पिकांवर गंधक फवारतात. उन्हापासून जपणाऱ्या द्रव्यांचा जो एक नावाजलेला गट आहे, त्याला गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधं निकामी करतात. पॉलिहाउसच्या फिल्मबाबत हे चांगलं अभ्यासलेलं आहे. जिथे गंधकाचा वापर जास्त, तिथे फिल्म लवकर जाते. फवाऱ्याचा तुषार वाऱ्यावर तळ्याच्या कोरड्या उतारावर बसत असेल तर तिथली ठेव दोन बाजूंनी काढली जाते आहे. वारा पाहून फवारणी करावी, आणि तळ्यालगतच्या ओळी झाल्या की उतारावर पाण्याचा एक फवारा मारून घ्यावा. याला पैसा लागत नाही.

आता जोडाकडे येऊ. इतका मोठा कागद एका पन्ह्याचा नसतो. आपल्या ३० बाय ३०च्या तळ्याला तळ, उतार आणि बांधावर गाडायची कड धरून बाराशे चौरस मीटरच्या आसपास कागद लागतो. तो पट्टे जोडून तयार होतो. वेल्डिंगवाला गरम पाचरीचं यंत्र दोन पट्ट्यांच्या मधून चालवतो. प्लास्टिक वितळतं आणि रूळ ते दाबून एकजीव करतात. यंत्र भरभर चाललं तर जोड कच्चा राहतो, रेंगाळलं तर कागद जळून पातळ होतो. सकाळी गार असताना लावलेला वेग दुपारी कागद तापल्यावर चालत नाही. पट्ट्याच्या कडेला मुरमाची धूळ असेल तर यंत्र कितीही भारी असो, जोड धुळीला चिकटतो.

जोड तपासायची रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. काम सुरू होण्याआधी वेल्डिंगवाल्याला दोन वाया गेलेल्या तुकड्यांचा हातभर जोड करायला सांगायचं. तो गार झाला की त्यातून दोन बोटं रुंदीची पट्टी आडवी कापायची. जोडाच्या एका बाजूचे दोन सुटे पदर दोन पकडींत धरून विरुद्ध दिशांना ओढायचे. जोड सोलल्यासारखा उलगडत गेला तर तो कच्चा आहे. जोड तसाच राहून शेजारचा कागद ताणला गेला आणि फाटला तर पक्का. ही चाचणी सकाळी एकदा आणि दुपारी यंत्र पुन्हा चालू करताना एकदा घ्यावी. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. तो बहुधा स्वतःच करून दाखवतो.

कागद अंथरण्याआधी तळ्याचा पोटभाग कसा होता यावरही बरंच ठरतं. पोकलेनच्या दातांनी मुरमात सुटलेले टोकदार दगड वेचले नाहीत तर २२ लाख लिटर पाण्याचा भार त्या टोकांवर कागद दाबून धरतो. तीन मीटर खोलीला दर चौरस मीटरवर तीन टन वजन येतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर त्याचा कोंब खालून सुईसारखा कागद भोसकून वर येतो. खेकडे, उंदीर, घुशी आपापल्या वाटा करतात. खालून झऱ्याचं पाणी किंवा कोंडलेली हवा असेल तर कागद मधोमध फुगा धरतो आणि जोडावर ताण येतो. बांधाच्या माथ्यावर चर खणून त्यात कागदाची कड गाडतात. चर उथळ असला की वळवाच्या वाऱ्यात रिकाम्या तळ्यातला कागद शिडासारखा उठतो. म्हणून तळं कधी पूर्ण रिकामं करू नये, शेवटचं दीड-दोन फूट पाणी राखावं. भर उन्हाळ्यात बाग सुकताना हे पाणी राखणं जिवावर येतं, हे मला कळतं. पण ते पाणी म्हणजे पुढच्या वर्षीचा कागद आहे.

या सगळ्या खटाटोपात पाण्याचा एक मोठा वाटा कुणी न मोजता जातो, तोही इथेच सांगून टाकतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी काठोकाठ भरलेल्या ३० बाय ३०च्या तळ्यातून रोज ७ हजार २०० लिटर पाणी आभाळात जातं. १४ बाय १० फुटांवर लावलेल्या एकरभर डाळिंबाची तीनशे दहा झाडं होतात. झाडाला ४० लिटर दिले तर रोजचे सुमारे साडेबारा हजार लिटर होतात. म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त बागेचं पाणी ऊन पिऊन जातं. विहिरीतलं आणि बोअरचं पाणी उपसून तळ्यात भरण्याच्या प्रथेवर पाण्याचे अभ्यासक टीका करतात ती यामुळे : जमिनीच्या पोटात सावलीत असलेलं पाणी आपण उचलून उन्हात पसरतो. ही टीका मला पटते. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्याने किंवा पावसाळी आवर्तनाने भरलं तर त्याचा अर्थ आहे. शेजाऱ्याची विहीर आटवून भरलं तर तो कागद कितीही टिकाऊ असला तरी गावाच्या कामाचा नाही.

कागदाचा गुण पाणी न सोडण्याचा, आणि तोच निसरडेपणाचाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून बातमी येते. मूल तळ्यात पडलं, त्याला काढायला गेलेलं दुसरं बुडालं, कधी आईच गेली. पंचेचाळीस अंशांचा उतार, त्यावर ओलं प्लास्टिक, प्लास्टिकवर शेवाळ. पट्टीचा पोहणारा माणूसही तिथून वर चढू शकत नाही. हात लावायला काही नसतं. विहिरीला निदान दगडी कपारी असतात, पायऱ्या असतात.

उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. भोवती तारेचं कुंपण, चारी बाजूंना बांधावर पक्क्या खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठीगाठींचे दोर, हवा भरलेल्या ट्यूब, जमलं तर दोरांची शिडी. पण इथे पुन्हा माल आणि काळ यांचा प्रश्न येतो आणि तो कागदाहून जास्त निकडीचा आहे. बाजारात सहज मिळणारा निळा-पिवळा दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पॉलिथिलीनहूनही तो उन्हाला कच्चा. संरक्षक द्रव्यं नसतील तर एक-दोन उन्हाळ्यांत त्याचे तंतू तुटायला लागतात. हातात घेऊन पिळला की टोचणारा भुसा पडतो. तो बांधावर लांबून दोरच दिसतो. लोंबकळणाऱ्या माणसाचं वजन तो पेलत नाही. जीव वाचवायला बांधलेला दोर दर वर्षी, झिजलेला दिसो न दिसो, पोळ्याच्या आधी बदलून टाकावा. नायलॉनचा जाड दोर घेतला तर उत्तम. जुना दोर वाया घालवायचा नसेल तर तो कडब्याच्या पेंढ्यांना बांधावा. ट्यूबही उन्हात तडकते, तिच्यात हवा आहे का ते महिन्यातून एकदा पाहावं. घरात लहान मुलं असतील तर कुंपणाच्या फाटकाला कुलूप असावं आणि किल्ली मोठ्यांकडे. या एका बाबतीत काटकसरीला जागा नाही.

मग चांगला कागद ओळखायचा कसा? काजळीचं प्रमाण, ती किती सारखी पसरली आहे, संरक्षक द्रव्यांची ठेव किती शिल्लक आहे, हे सगळं मोजता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही केंद्र सरकारची प्लास्टिकची संस्था आहे, मुंबईत घाटकोपरला ‘बिट्रा’ ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था आहे. एकट्या शेतकऱ्याने तळव्याएवढा तुकडा घेऊन तिकडे जावं हे व्यवहार्य नाही. पण गावातले दहा-पंधरा जण एकाच मोसमात कागद घालणार असतील, किंवा शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांसाठी एकत्र खरेदी करणार असेल, तर एका रोलची तपासणी सगळ्यांच्या खर्चात सहज बसते. बारामतीत माळेगावला अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९पासून मुरमाड माळावरच उभी आहे. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. दुष्काळ आणि उष्णता हाच जिथला अभ्यासविषय, तिथे निरनिराळ्या कंपन्यांच्या कागदाचे तुकडे एका ओळीत उन्हात ठेवून दरवर्षी त्यांचा ताण मोजून जाहीर करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. वाणांच्या चाचण्या होतात, खतांच्या होतात. ज्या अस्तरावर बागेचा उन्हाळा तगतो त्याचीही व्हावी.

दुकानात विचारायचे प्रश्न थोडे आहेत. माल नव्या दाण्यांचा की पुनर्वापराचा? जुने कागद भंगारात जातात, त्यांचे दाणे होतात आणि ते दाणे पुन्हा स्वस्त काळ्या मालात येतात. पाइप किंवा बादलीला ते ठीक आहे. पण एकदा उन्हाने खाल्लेल्या प्लास्टिकच्या साखळ्या आधीच आखूड झालेल्या असतात, तळ्याच्या उतारावर त्यांना दुसरं आयुष्य मागू नये. आयएसआयची खूण बिलावर आहे की रोलवर छापलेली आहे? रोलवर हवी, ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा, बॅच नंबरासकट. हमी किती वर्षांची आणि कशाची, नुसत्या कारखान्यातल्या दोषाची की उन्हात तडकण्याचीही? जोडाची जबाबदारी कागदवाल्याची की वेल्डिंगवाल्याची? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा शेतकरी मधे अडकतो, म्हणून हे आधी लिहून घ्यावं. आणि अनुदानाच्या फाइलसाठी घाईने फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळेल तो कागद उचलण्यापेक्षा एक हंगाम थांबलेलं परवडतं.

कागद अंथरला त्या दिवशी त्याचे तीन हात-हात लांबीचे तुकडे कापून घ्यावेत. एक बिलासोबत कोठीतल्या अंधारात, सपाट, घडी न घालता. उरलेले दोन उत्तरेच्या बांधावर, दक्षिणेकडे तोंड करून फळीवर खिळ्यांनी ठोकावेत. मोठ्या प्रकल्पांवर अभियंते असेच तुकडे ठेवतात. दर वर्षी मेअखेर फळीवरून दोन बोटं रुंदीची पट्टी कापावी, कोठीतल्या तुकड्याची तेवढीच पट्टी कापावी आणि दोन्ही पकडीत धरून ओढून पाहाव्यात. उन्हातली पट्टी कोठीतल्या पट्टीइतकीच ताणली जाते तोवर तळ्याकडे निवांत पाहावं. ती कमी ताणली जाऊ लागली की कंपनीला हमीपत्राची प्रत जोडून पत्र टाकावं आणि नव्या कागदाचे पैसे बाजूला काढायला लागावं. ताणली न जाता कटकन तुटली, तर त्या पावसाळ्यात तळं भरण्याआधी वरच्या पट्ट्यावर नवा कागद जोडून घ्यावा. जुन्या, ठिसूळ कागदावर वेल्डिंग धरत नाही, म्हणून जोड नेहमी खाली, पाण्याखाली राहिलेल्या तरुण भागावर घ्यावा.